घरच्या प्रार्थनेवर धर्मांतराचा आरोप आला, तर आधी काय करायचे?

प्रश्न थोडक्यात असा: मध्य प्रदेशात पांढुर्ण्याजवळच्या गावात राहणाऱ्या एका ताईंच्या घरी दर रविवारी दहा-पंधरा माणसे ख्रिस्ती प्रार्थनेला जमतात. मागच्या रविवारी बाहेरगावचे काही तरुण थेट घरात शिरले, मोबाइलवर चित्रण केले, 'पैसे देऊन लोकांना बाटवता' असे ओरडले आणि पुढे ठाण्यात अर्जही देऊन आले. मंडळीचे पाळक (पास्टर) म्हणतात, सहन करा, प्रभू पाहून घेईल. दीर म्हणतात, आजच्या आज उलट केस टाका. ताई विचारतात, कोणाचे ऐकू?

ताई, या आठवड्यात दोघांचेही पूर्ण ऐकू नका. फौजदारी कोर्टात अशी प्रकरणे चालवून माझे एक मत पक्के झाले आहे: खोटा आरोप मोघमपणावर जगतो. 'हे लोक', 'पैसे', 'बरेच दिवसांपासून' अशा शब्दांवर. कोणाला दिले, किती दिले, कोणत्या तारखेला, कोणासमोर, असे विचारत गेले की तो पातळ होतो. पण ते विचारायला तुमच्या बाजूचे तपशील आधी चोख हवेत. नुसते सहन करत बसलात तर ते लिहून होत नाहीत, आणि रागाच्या भरात केस टाकलीत तर त्यांत नको ते मिसळते.

आधी हे शोधा की ठाण्यात नुसता अर्ज पडून आहे की गुन्हा दाखल झाला आहे. दाखल गुन्ह्याची प्रत चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. पण संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे तिथे दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नका. वकील किंवा चार शब्द नीट बोलणारा जाणता माणूस ठाण्यात पाठवून विचारा. पाळकांना एकट्याने पाठवू नका. आरोप त्यांच्यावरच असण्याची शक्यता जास्त, आणि चौकशीला म्हणून गेलेला माणूस तिथेच बसवून ठेवला जातो.

तुमच्या घरात मराठी बोलत असतील, पण कायदा लागतो मध्य प्रदेशचा, २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम. त्यात प्रलोभनाची व्याख्या बरीच रुंद आहे: भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेतले शिक्षण, बऱ्या राहणीमानाचे आश्वासन. धर्मांतराचा प्रयत्नही गुन्हा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि प्रलोभन दिले नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला आहे. हे ऐकून घाबरायला होते, मला कल्पना आहे. पण याच कायद्याचे चौथे कलम तुमच्या कामाचे आहे. ज्याचे धर्मांतर केले असे म्हणतात ती व्यक्ती, तिचे आईवडील, भाऊ-बहीण यांच्या लेखी तक्रारीवरच पोलिसांना तपास करता येतो. रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्यातल्या इतरांना कोर्टाची परवानगी लागते. बाहेरगावहून आलेला, सभेतल्या कोणाशीही नाते नसलेला तरुण या यादीत बसत नाही.

असाच मुद्दा उत्तर प्रदेशातल्या फतेहपूरच्या प्रकरणात आला. १४ एप्रिल २०२२ ला, पवित्र गुरुवारी, हरिहरगंजच्या चर्चमध्ये सामूहिक धर्मांतर चालल्याची तक्रार एका संघटनेच्या पदाधिकाऱ्याने केली. पुढे त्याच घटनेच्या आसपास गुन्ह्यावर गुन्हे दाखल होत गेले. १७ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांतले पाच गुन्हे रद्द केले. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मूळ तक्रारदाराला तक्रारीचा अधिकारच नव्हता आणि साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी होती, हे न्यायालयाने दाखवून दिले. निकाल वाचून आनंद जरूर करा, पण दोन गोष्टी विसरू नका. यात साडेतीन वर्षे गेली. आणि उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये कायदा बदलून तक्रार कोणीही करू शकेल असे केले आहे. म्हणजे एका राज्यातला निकाल दुसऱ्या राज्यात किंवा पुढच्या वर्षी जसाच्या तसा चालेलच असे नाही. वकिलाला कायद्याचा आजचा मजकूर काढायला सांगा.

चौथे कलम पोलिसांनाही ठाऊक असते. त्यामुळे पुढचे पाऊल बहुधा ठरलेले: सभेला येणाऱ्यांपैकी एखाद्याला फिर्यादी करायचे. कधी भीती दाखवून, कधी त्याच्या घरातल्या जुन्या भांडणाचा फायदा घेऊन. अशा वेळी मंडळीतली चार माणसे त्याच्या दारात जाऊन 'तू असे कसे बोललास' म्हणून बसतात. हे अजिबात करू नका. साक्षीदारावर दबाव आणल्याचा ठपका येतो, आणि मूळ प्रकरणात काही नसले तरी जामीन त्या एका कारणावर अडतो. तो माणूस आपणहून भेटला तर विचारपूस करा, प्रकरणाविषयी बोलू नका.

शिक्षेचे गणितही समजून घ्या, कारण अटक होते की नाही हे त्यावर ठरते. साध्या प्रकरणात एक ते पाच वर्षे. स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीच्या बाबतीत दोन ते दहा. एकाच वेळी दोन किंवा अधिक माणसांचे धर्मांतर म्हटले की ते 'सामूहिक', म्हणजे पाच ते दहा वर्षे. शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल तर पोलिसांनी सहसा आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते, ती नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३५ खाली. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून यावर न्यायालये कडक आहेत. दहा वर्षांचे कलम लागले की ही ढाल पातळ होते. सभेत पंधरा माणसे होती, त्यात बायका जास्त, शिवाय तुमच्या भागात गोंड कुटुंबे येत असणार. आता लक्षात येईल की तक्रारीत 'सामूहिक' हा शब्द इतक्या हौसेने का घातलेला असतो. म्हणून गुन्हा दाखल झाल्याचे कळताच सत्र न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा. त्याचा कच्चा मसुदा आजच तयार करून ठेवायला वकिलाला सांगा.

ठाण्यात राज्यघटनेवर वाद घालू नका. आपल्यातले पुष्कळ लोक कलम २५ तोंडपाठ म्हणून दाखवतात: धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क. बरोबर आहे. पण १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात, जो मध्य प्रदेशातलाच होता, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. हा निकाल पटो न पटो, आजही तोच चालतो. तुमचा बचाव 'आम्हाला धर्मांतराचा अधिकार आहे' हा नसून 'त्या दिवशी कोणाचेही धर्मांतर झाले नाही, कोणाला काही दिले नाही, प्रार्थना झाली' हा आहे. वस्तुस्थितीचा बचाव मजबूत असताना सिद्धान्ताचा बचाव पुढे करू नये. सिद्धान्ताची लढाई लढणारे लोक वरच्या न्यायालयांत आहेत. राज्याराज्यांच्या अशा कायद्यांना आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयासमोर आहेत.

तुमच्या पाळकांना बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा चोविसावा अध्याय वकिलाच्या नजरेने वाचायला सांगा. फेलिक्स सुभेदारासमोर प्रेषित पौल आरोपी म्हणून उभा आहे. महायाजकांनी आणलेल्या वकिलाने आधी सुभेदाराची भरपूर स्तुती केली आणि मग आरोप लावले: हा माणूस पीडा आहे, जगभर दंगे माजवतो, नासोरी पंथाचा पुढारी आहे, मंदिर विटाळू पाहत होता. पहिले दोन आरोप अगदी मोघम, शेवटचा जिवावर बेतणारा. पौलाचे उत्तर पाहा. तो तारखेपासून सुरू करतो: यरुशलेमेला येऊन मला बारा दिवसांहून जास्त झालेले नाहीत, तुम्ही चौकशी करू शकता. मंदिरात, सभास्थानात, शहरात मी कोणाशी वाद घालताना किंवा गर्दी जमवताना यांना दिसलो नाही. जे खरे आहे ते तो लपवत नाही; ज्याला हे पंथ म्हणतात त्या मार्गाप्रमाणे मी देवाची सेवा करतो, हे मी कबूल करतो. आणि शेवटी नेमके बोट ठेवतो: ज्यांनी मला मंदिरात पाहिले ते आशियातले यहूदी कुठे आहेत? तक्रार त्यांची, तर इथे त्यांनी उभे राहायला हवे होते. तारीख, कबुली, नकार आणि गैरहजर तक्रारदार. इतका आटोपशीर लेखी जबाब आमच्या वकिलांच्या बारमध्येही क्वचित पाहायला मिळतो. (आणि एवढे करूनही फेलिक्सने लाच मिळेल या आशेने त्याला दोन वर्षे अडकवून ठेवले, हेही त्याच अध्यायात आहे. न्यायालयीन दिरंगाई काही आपल्या देशाचाच शोध नाही.)

आज रात्री तुम्हीही तसाच एक कागद लिहा. त्या रविवारी किती वाजता लोक आले, कोण कोण आले, कोणते गीत म्हटले, कोणता उतारा वाचला, चहा कोणी केला, तरुण किती वाजता शिरले, किती होते, कोणत्या गाड्या होत्या, कोण काय म्हणाले, कोणी कोणाला ढकलले. आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असेच लिहा. इतरांनीही आपापले वेगळे लिहावे. एकत्र बसून, एकमेकांचे पाहून लिहू नका. पाच जणांच्या कागदांत गाड्यांची संख्या थोडी कमीजास्त निघाली तर बिघडत नाही. पाचही कागद शब्दशः सारखे निघाले तर तुमचीच गत फतेहपूरच्या त्या प्रतिज्ञापत्रांसारखी होईल.

खोटे एकही लिहू नका, विशेषतः बाप्तिस्म्याबद्दल. घाबरलेला माणूस पटकन म्हणतो, 'आम्ही ख्रिस्ती नाहीच, नुसते भजन करतो.' मग फोनमध्ये नदीवरच्या बाप्तिस्म्याचा फोटो सापडतो आणि खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. यामागे बहुतेक वेळा जातीच्या दाखल्याची भीती असते, हे मला माहीत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातींना ही अट नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की बाप्तिस्मा घेऊन, नियमित चर्चला जाऊन नोकरीपुरते हिंदू अनुसूचित जातीचे म्हणवणे चालणार नाही. हा नियम अन्यायाचा आहे असे माझे मत आहे; धर्म बदलला म्हणून गावातली जात कोणी विसरत नाही. पण नियम आहे तो आहे. ज्यांच्या घरी असा दाखला आणि त्यावरची नोकरी आहे त्यांनी स्वतंत्र वकील गाठावा आणि त्याला खरे सांगावे. त्यांचा प्रश्न तुमच्या प्रकरणात मिसळू देऊ नका.

फोनमधले काहीही पुसू नका. गटावरचे संदेश, फोटो, सभेचे चित्रण, सगळे राहू द्या. पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ आरोपापेक्षा सिद्ध करायला सोपा असतो. तुमच्यापैकी कोणी त्या तरुणांचे चित्रण केले असेल तर तो मूळ फोन जपा, कारण कोर्टात त्याची प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. पोलिसांनी फोन जप्त केला तर जप्तीचा पंचनामा मागा. झडती आणि जप्तीचे चित्रण करणे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

जबाबाला बोलावले तर लक्षात ठेवा, साक्षीदार म्हणून स्त्रीला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन जबाब घ्यायचा. तपासात दिलेल्या जबाबावर सही करायची नसते, कायदाच तसे सांगतो. तिथे कागद हिंदीत असणार. न समजलेल्या मजकुरावर किंवा कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. नम्रपणे म्हणा, 'साहेब, मला मराठी येते, वाचून दाखवा, समजावून सांगा.' अटक झालीच तर तिची कारणे अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केले, आणि ते प्रकरण मुंबईतले, वरळीच्या मोटार अपघाताचे होते. अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही.

आता दिरांकडे येते. उलट केस म्हणजे 'यांनी खोटी तक्रार केली' अशी केस त्यांच्या मनात असेल, तर ती आज टाकता येत नाही. सरकारी नोकराला खोटी माहिती दिल्याच्या गुन्ह्यात त्या अधिकाऱ्याचीच लेखी तक्रार लागते. खोटा आरोप लावल्याचा गुन्हा सिद्ध व्हायला तो आरोप खोटा ठरावा लागतो. त्यासाठी मूळ प्रकरण संपेपर्यंत धीर धरा. पण त्या रविवारी जे घडले तोच मुळात गुन्हा आहे आणि त्याची तक्रार आजच द्यायची. परवानगीशिवाय घरात शिरणे हे न्याय संहितेचे (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचे) कलम ३२९, चाललेली उपासना मोडणे कलम ३००, धमकी दिली असेल तर ३५१. अर्ज साधा, एका पानाचा, घटनेपुरता. त्यात त्या तरुणांच्या संघटनेवर, पक्षावर, त्यांच्या देवांवर एक अक्षर नको. तसे एक वाक्य गेले की धार्मिक भावना दुखावल्याचे कलम २९९ तुमच्यावर उलटते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ठाण्याने घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, पावती ठेवा, आणि तरीही हालचाल नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडे जा.

पाळकांना वाटते की हे केले तर क्षमा कुठे राहिली. मला हा प्रश्न नेहमी ऐकावा लागतो आणि मी तो हलका मानत नाही. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले, फिलिप आणि टिमोथी, गाडीत झोपलेले असताना जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले. पण खटला कायद्याने चालला, मुख्य आरोपी दारा सिंगला झालेली फाशी उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या निकालात धर्मांतरावर केलेले काही शेरे चारच दिवसांत न्यायालयाने स्वतः बदलले, तेही आक्षेप घेतला गेला म्हणून. क्षमा तुमच्या मनात असते, ती कोणी काढून घेत नाही. जबाबदारी मात्र त्या दिवशी घरात बसलेल्या पंधरा माणसांबद्दलची आहे, आणि त्यांच्या वतीने गप्प बसायचा अधिकार एकट्या पाळकांना नाही. पौलही फिलिप्पैच्या तुरुंगातून गुपचूप निघायला तयार झाला नाही. चौकशीवाचून फटके मारणारे अधिकारी स्वतः येऊन बाहेर काढोत, असे म्हणाला.

काही गोष्टी तुमच्या मंडळीने आपल्या घरातही बदलायला हव्यात. आरोप खोटा असला तरी त्याला खाद्य कुठून मिळते ते बघा. 'या वर्षी इतके आत्मे जिंकले', 'गाव प्रभूसाठी ताब्यात घेऊ' अशी भाषा समाजमाध्यमांवर टाकणे थांबवा. देणगीदारांना खूश करायला फुगवलेला आकडा मी सरकारी वकिलाच्या तोंडून कोर्टात ऐकला आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण औषध थांबवायला सांगू नका आणि बरे होण्याच्या जाहिराती लावू नका. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून केंद्राचा कायदा आहे. नाताळात साड्या-ब्लँकेटे वाटायची असतील तर ती प्रार्थनेच्या जागी, प्रार्थनेच्या वेळी वाटू नका, आणि कोणाला काय दिले याची वही ठेवा. लहान मुले येत असतील तर आईवडिलांची लेखी संमती घ्या. ध्वनिक्षेपक लावू नका. त्याला परवानगी लागते आणि निम्म्या तक्रारींची सुरुवात तिथून होते. कोणाला बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे, २०२१ च्या त्या कायद्याचे कलम १० वकिलाशी बोलूनच हाताळा. त्याच्या उल्लंघनाबद्दल सक्तीची कारवाई नको असा अंतरिम आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला, पण अंतरिम म्हणजे अंतरिमच.

तुमचे नातेवाईक वरुड किंवा नागपूरकडे असतील आणि 'आमच्याकडे या, सभा इथे घेऊ' म्हणत असतील, तर घाई नको. महाराष्ट्रातही असा कायदा आणण्याची तयारी २०२५ मध्ये सुरू झाली. तिथली आजची स्थिती तिथल्या वकिलाकडूनच समजून घ्यावी. शिवाय तिथे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि चंगाईच्या (प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या) सभांवर तो लावला जातो. सीमा ओलांडल्याने प्रकरण मिटत नाही, उलट 'पळून गेले' हे आणखी एक वाक्य तक्रारीत वाढते.

वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका. विधिसेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधिसेवा प्राधिकरणाच्या खोलीत जा, आधार कार्ड न्या, आणि रात्री लिहिलेला तो तारखांचा कागद सोबत ठेवा. मूळ तुमच्याकडे, वकिलाला झेरॉक्स.